अंगणात उघडलेलं बॉनेट

पुणे-नाशिक महामार्गावर इंजिनाची परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिली चाकणच्या तळेगाव चौकात. शिफ्ट सुटते, कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, कांद्याचे टेम्पो आणि घरी निघालेल्या मोटारी एकाच वेळी चौकात येतात आणि रांग इंचाइंचानं सरकते. इंजिन चालू, गाडी उभी. रॅडिएटरवर वारा येत नाही आणि इंजिन मंद फिरत असल्यामुळे त्याच्या जोरावर चालणारा वॉटर पंपही मंदच फिरतो. दुसरी परीक्षा राजगुरुनगर मागे टाकल्यावर. मंचरच्या बाजूचा खेड घाट असो की वाड्यावरून भीमाशंकरकडे जाणारा चढाचा रस्ता, भरलेली गाडी खालच्या गिअरवर चढते. वेग कमी, ओझं जास्त आणि उष्णता भरपूर. खेड घाटाला बाह्यवळण झाल्यानं प्रवास सुसह्य झाला, तरी एप्रिल-मेच्या दुपारी बॉनेट वर करून कडेला थांबलेली गाडी या पट्ट्यात अजून दिसते.

अशा गाडीजवळ काय होतं ते ठरलेलं असतं. कुणीतरी पाण्याची बाटली आणतं, इंजिन निवल्यावर पाणी ओततं आणि गाडी पुढच्या गॅरेजपर्यंत जाते. ‘पाणी कमी झालं होतं’ इथंच निदान संपतं. पाणी गेलं कुठं, हे फार थोडे जण विचारतात. उत्तर पुष्कळदा इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, बेल्टमागे बसलेल्या एका लहानशा भागात असतं. कागदोपत्री त्याचं नाव वॉटर पंप, गॅरेजमध्ये ‘वॉटर बॉडी’.

योग्य गाडी आणि नीट तयारी असेल तर हा भाग घरच्या अंगणात बदलता येतो. राजगुरुनगरसारख्या गावात तो बदलता यायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं. या कामाला लागणाऱ्या दोन विद्या खेड तालुक्यात घरोघरी आहेत. एक शेतकऱ्याची पंपाची विद्या, दुसरी चाकणच्या कारखान्यातली पान्याची. दोन्ही एकाच घरात असतात, बाप-लेकांत वाटलेल्या असतात, आणि तरी घरची गाडी बिघडली की दोघंही हात बांधून दुसऱ्याची वाट पाहतात.

इंजिनातलं पाणी का फिरतं

जळालेल्या इंधनातल्या शक्तीचा ढोबळमानानं तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. एक हिस्सा सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच इंजिनाच्या धातूत मुरतो. ही मुरलेली उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर पिस्टन फुगून सिलिंडरला घासतात, हेड वाकतं, हेडचं पॅकिंग उडतं आणि शेवटी इंजिन जाम होतं. म्हणून सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून कूलंट फिरवलं जातं. तिथं उष्णता घेऊन ते रॅडिएटरमध्ये येतं, वाऱ्यानं निवतं आणि परत जातं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रॅडिएटरची वाट बंद ठेवतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान ती उघडू लागतो.

सुरुवातीच्या अनेक मोटारींत हे फिरवण्याचं काम गरम पाणी स्वतःच करी. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढे, निवलेलं खाली उतरे. फोर्डच्या १९०८ सालच्या मॉडेल टी गाडीच्या अगदी पहिल्या खेपेत पंप होता. तो लवकरच काढून टाकला गेला आणि पुढची लाखो इंजिनं याच नैसर्गिक चक्रावर चालली. इंजिनं ताकदवान झाली तसं ते चक्र अपुरं पडलं. विल्हेल्म मायबाख यांनी १९००च्या अखेरीस पहिल्या मर्सिडीजसाठी जाळीदार रॅडिएटर घडवला, तेव्हा कमी पाण्यात जास्त उष्णता बाहेर टाकण्याची वाट खुली झाली. त्याच मर्सिडीजच्या वारसांचा कारखाना २००९पासून चाकणला आहे.

आजच्या मोटारीतला पंप वेगात असताना मिनिटाला शंभर लिटरच्या घरात द्रव फिरवू शकतो. लहान गाडीत कूलंट असतं चार-सहा लिटर. म्हणजे तेच थेंब काही सेकंदांत पुन्हा पुन्हा इंजिनातून जाऊन येतात. पंप थांबला की काही मिनिटांत काटा लाल खुणेकडे का जातो, ते यावरून कळेल.

पंपाची रचना भीमेच्या काठावरच्या शेतकऱ्याला नवी नाही. मधोमध पात्यांचं चक्र, म्हणजे इम्पेलर. तो फिरला की मध्यातून आलेला द्रव कडेला फेकला जातो. उसाला आणि कांद्याला पाणी देणारा मोटारपंप याच तत्त्वावर चालतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून निघालेल्या पंपांनी महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांना हे तत्त्व पुस्तकाविना शिकवलं. मोटारीतला पंप त्याचाच धाकटा भाऊ.

छिद्र काय सांगतं

पंपाच्या दांड्यावर एका टोकाला पुली आणि दुसऱ्या टोकाला इम्पेलर. मधे बेअरिंग आणि सील. सील कूलंटला बेअरिंगपासून दूर ठेवतो. हजारो तास घासून तो झिजतो आणि थेंब पुढे सरकू लागतो. तो थेंब बेअरिंगमध्ये शिरून ग्रीस धुऊन टाकू नये म्हणून बनवणाऱ्यांनी सील आणि बेअरिंग यांच्या मधे एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या छिद्राखाली गुलाबी, हिरवा किंवा पांढरट ओघळ वाळलेला दिसला, की पंपाचे दिवस भरत आले असं समजावं.

इतर खुणाही आहेत. पंख्याजवळून घरघर येणं. इंजिन बंद असताना पुली हातानं हलवली तर ती डुगडुगणं. सकाळी गाडीखाली ओला ठिपका आणि गोडसर वास. घाटात काटा वर जाणं आणि सपाटीला खाली येणं. मात्र इंजिन ऑइल दुधाळ झालं असेल किंवा रॅडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर दोष बहुधा हेडच्या पॅकिंगमध्ये असतो. तिथं पंप बदलून उपयोग नाही.

दोन जुने उपाय या भागात अजून सांगितले जातात. पहिला, ते छिद्र एमसीलनं बुजवणं. असं केल्यावर थेंब बाहेर येण्याऐवजी बेअरिंगमध्ये जातो, बेअरिंग मोडतं आणि काही जुन्या गाड्यांत पंख्याचं पातं उडून रॅडिएटर फाडतं. दुसरा, रॅडिएटरमध्ये हळद टाकणं. जुन्या ड्रायव्हरांनी आडरानात घर गाठण्यासाठी काढलेली ती तोड होती आणि त्या वेळेपुरती ती कामीही येई. पण तोच गाळ रॅडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी आणखी तापते.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हा या भागातला आणखी एक प्रश्न. काळ्या कातळातून आलेल्या जड पाण्यातले क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात. राजगुरुनगरची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथं साधं पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. रॅडिएटरचं झाकण आतला दाब वाढवून हा बिंदू ११८ अंशांच्या आसपास नेतं आणि ग्लायकॉलमिश्रित कूलंट तो आणखी वर ढकलतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर नव्या पंपाचाही उपयोग होत नाही. म्हणून पंपाबरोबर झाकण तपासावं आणि डिस्टिल्ड पाणीच वापरावं.

अप्पांची जीप

चासच्या रस्त्याला माझे मामा राहतात. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांची जुनी डिझेल जीप खतं, बियाणं आणि पाहुणे यांची ने-आण करते. मामेभाऊ चाकणच्या एका कारखान्यात जुळणीच्या लाइनवर कामाला आहे. जीपच्या पंपाखाली ओघळ दिसला तेव्हा त्यानं सुट्टीच्या दिवशी काम घरीच करायचं ठरवलं. त्या अंगणात जे पाहिलं ते सविस्तर सांगतो, कारण कामाचा क्रम नीट असला की अर्धं यश तिथंच मिळतं.

काम सकाळी, इंजिन रात्रभर निवल्यावर सुरू झालं. गरम रॅडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर घेणं. ती चूक कुणीही करू नये. गाडी सपाट जागी, चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी. मग खाली पाटी ठेवून रॅडिएटरचा कॉक उघडला आणि कूलंट झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं. इथं मामेभावानं घरातल्या लहानांना आणि कुत्र्याला लांब पाठवलं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. ते जनावरांनी चाटलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. ते गटारात किंवा भीमेत सोडणं हा गुन्हाच समजायला हवा. जुनं कूलंट बंद डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या वर्कशॉपला द्यावं.

पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करून घेतले. बेल्ट उतरल्यावर पुली हाताबरोबर फिरते आणि बोल्ट सुटत नाहीत. त्यानंतर अल्टरनेटर सैल करून बेल्ट काढला. अशा जुन्या, लांबीच्या दिशेनं बसवलेल्या इंजिनांत पंखा पंपाच्या पुलीवरच असतो. जीप, अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी यांची हीच पद्धत. पंखा, पुली, होज पाइप निघाले आणि पंप मोकळा झाला. मामेभावानं पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून त्यात भोकं पाडली आणि निघेल तो बोल्ट आपापल्या जागी खोचला. त्यात कमी-जास्त लांबीचे बोल्ट होते. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकून आटे फोडतो.

जुना पंप हातात आल्यावर अप्पांनी तो फिरवून पाहिला. दांडा खडखडत होता. इम्पेलरच्या पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. त्यांनी लगेच विचारलं, “पाणी कमी असताना पंप पळवला की विहिरीच्या मोटारीचं चक्रपण असंच खातं. गाडीतबी तसंच?” अगदी तसंच. कूलंट कमी असलं किंवा नुसतं पाणी असलं की पात्यांजवळ वाफेचे बुडबुडे होतात, फुटतात आणि धातू टिपून नेतात. विद्यापीठातला अभियंता ज्याला कॅव्हिटेशन म्हणेल, ते अप्पांनी विहिरीच्या काठावर ओळखलेलं होतं.

नवा पंप बसवण्याआधी तो जुन्याशेजारी ठेवून भोकं, पुलीची उंची आणि इम्पेलरची खोली जुळवून घ्यावी. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक पंप बदलतो आणि दुकानदार घाईत दुसराच देतो. नंतर सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम, म्हणजे इंजिनाच्या तोंडावरचं जुनं पॅकिंग खरवडणं. पृष्ठभाग नखाला गुळगुळीत लागेपर्यंत ते करावं लागतं. तिथं ओरखडा पडला तर गळती उद्याच सुरू होते. आतल्या वाटेत कपडा कोंबून ठेवावा, म्हणजे चुरा इंजिनात जात नाही.

पंप जागी धरला आणि अप्पांनी पाना उचलला.

“अप्पा, आवळू नका अजून. आधी सगळे बोल्ट हातानं बसवू. मग समोरासमोरचे, थोडे थोडे.”

“पाइपलाइनच्या फ्लँजला मीबी तसंच करतो. पण जोर किती द्यायचा ते हाताला कळतंय.”

“लोखंडाला कळतंय. अल्युमिनियमला नाही कळत.”

त्यानं टॉर्क रेंच काढला. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर आणि ८ मिलिमीटरच्याला २० ते २५, असा ढोबळ अंदाज असतो. नेमका आकडा मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. लाइनवर हे आकडे यंत्रच पाळतं, बोल्ट पुरता आवळला गेला की पाना आपोआप थांबतो. त्याच्या हाताला वर्षानुवर्षं एकाच जागेचे बोल्ट येतात, गाडी पुढे सरकते, पुढची येते. त्या दिवशी मात्र पहिल्यांदाच कूलंट काढण्यापासून इंजिन सुरू करण्यापर्यंतचं पूर्ण काम त्याच्या हातून झालं, असं तो म्हणाला.

बेल्ट चढवून त्याला अंगठ्यानं दाबलं, साधारण सेंटीमीटरभर दबला. फार ताणला तर नव्या पंपाचं बेअरिंग लवकर जातं, सैल राहिला तर घसरतो. मग निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हळूहळू ओतलं, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. काटा वर जाऊ लागला आणि खालचा होज मात्र थंडच राहिला. अप्पा म्हणाले, “हवा धरलीया. वरचा पाइप दाब, अन् जरा दम धर.” शेतातल्या पंपात हवा अडकली की पाणी चढत नाही, हे त्यांना पाठ होतं. होज दाबत राहिल्यावर बुडबुडे निघाले, पातळी खाली गेली, पुन्हा भरली. थर्मोस्टॅट उघडला आणि खालचा होज गरम झाला. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी परत तपासून थोडी भर घातली. एवढं झालं की काम पुरं.

जिथं थांबावं

हे सगळं वाचून कुणी कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडावं असं माझं म्हणणं नाही. पुष्कळ मोटारींत पंपापर्यंत पोचायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, तर काहींत पंप त्या बेल्टवरच फिरतो. हा बेल्ट एक दात जरी चुकला तरी अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही शे रुपये वाचवताना इंजिन जातं. तिथं लॉकिंगची हत्यारं आणि जाणता मेकॅनिकच हवा. बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदलावेत, कारण मजुरी एकदाच पडते. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांतल्या १.० टीएसआय इंजिनात पंप आणि थर्मोस्टॅट एकाच जोडणीत असतात आणि कॅमशाफ्टवरून निघालेल्या वेगळ्या दातेरी बेल्टवर चालतात. तीही अंगणात करण्याची गोष्ट नव्हे. वॉरंटीतल्या गाडीबाबत आधी कागद वाचावेत. मर्यादा ओळखणं हासुद्धा या विद्येचाच भाग आहे.

पण मर्यादा यंत्राची असावी, माहिती दडवल्याची नसावी. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची हत्यारं आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारातल्या गॅरेजांना मिळू दिली जात नाही, हा मुख्य आक्षेप होता. त्या १४ जणांत या औद्योगिक पट्ट्यात कारखाने असलेल्या कंपन्याही होत्या. बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि कायद्याची लढाई लांबली. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. मोटारी हे त्यातलं एक क्षेत्र आहे. कायदा दार उघडेल, पण त्यातून आत जायला पाना धरता येणारे हात हवेत.

ते हात या तालुक्यात आहेत. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, १९९९मध्ये बजाज चाकणला पोचली आणि २००९पासून फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांनी चाकणचं माळरान बदलून टाकलं. चाकणच्या कारखान्यांसाठी खेडच्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. मोबदल्यात पैसे आले, काहींना नोकऱ्या आल्या. पूर्ण कौशल्य मात्र घरात आलं नाही. लाइनवरच्या तरुणाला एका जागेचं काम येतं आणि कंत्राट संपलं की तेही मागे राहतं. आयटीआयमधला दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण गाडी शिकवतो, पण तिथून निघालेला मुलगाही बहुधा लाइनवरच उभा राहतो. गावातलं जुनं गॅरेज सांभाळायला नवी पिढी मिळेनाशी झाली आहे.

विजेच्या गाड्या आल्यावर हे सगळं निरर्थक होईल, असं काही जण म्हणतात. ते खरं नाही. महिंद्रानं नोव्हेंबर २०२४मध्ये आणलेल्या विजेच्या गाड्या चाकणलाच तयार होतात. आजच्या बहुतेक विजेच्या मोटारींत बॅटरी थंड ठेवायला द्रवच फिरवला जातो आणि तो फिरवायला विजेवरचा पंप लागतो. इंजिन गेलं तरी पंप, होज, कूलंट आणि आत अडकलेली हवा राहणारच आहे. आज जो जीपचा पंप नीट समजून घेईल, त्याला उद्याच्या गाडीची भीती वाटणार नाही. विजेच्या गाडीतल्या नारिंगी, उच्च दाबाच्या तारांना मात्र प्रशिक्षणाविना कुणीही हात लावू नये.

म्हणून एक विनंती आहे. भीमाशंकरला किंवा गावाकडे निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. कूलंटची पातळी पाहा, पंपाखालचा ओघळ पाहा, बेल्ट दाबून पाहा. गॅरेजमध्ये पंप बदलला तर जुना पंप मागून घ्या आणि घरातल्या मुलामुलींच्या हातात देऊन तो का गेला ते समजावून सांगा. घरात कुणी कारखान्यात असेल तर त्याला त्याच्या जागेपलीकडचं काम विचारा, आणि कुणी शेतातला पंप दुरुस्त करत असेल तर त्याला शेजारी बसवा. चाकण-राजगुरुनगरच्या पट्ट्यातून निघालेल्या मोटारी देशभर जातात. त्या उघडून नीट करण्याची विद्या प्रत्येक वाडी-वस्तीत असणं हा इथल्या माणसांचा हक्क आहे, आणि तो मिळवायची सुरुवात आपल्याच अंगणातून करायची आहे.